उसना हात

शेवया काठीवर टाकून झाल्या आणि जरा टेकावं म्हणून मी भिंतीला पाठ लावली, तर पाठ चटकली.

एप्रिलची दुपार, ऊन मी म्हणत होतं. पण ती भिंत घराच्या आतली, तिच्यावर कधी ऊन पडत नाही. तळहात लावून पाहिला. नुकत्याच उतरवलेल्या तव्याच्या कडेइतकी गरम. बॅटरीच्या कपाटातून गोडसर जळका वासही येत होता.

"अहो, जरा इकडे या," मी हाक मारली. "हात लावून बघा."

आमचे हे, निवास चौगुले, खुर्चीतून उठून आले आणि भिंतीवर हात टेकवला. हात नेहमीसारखा थरथरत होता. नखं भिंतीवर टकटक वाजत होती. ती टकटक मी गेली दोन वर्षं ऐकत होते, तरी अजून तिची सवय झाली नव्हती. कारण हा हात कोणाचा होता? आमच्या गावात अशी गल्ली नाही जिथे या हाताने वायरिंग केलं नाही. लग्नाच्या मांडवात दिवे गेले की लोक भटजींच्या आधी यांना शोधायचे. आणि मग एकदा पुण्याला कुठल्याशा मोठ्या सोसायटीच्या कामावर महिनाभर राहून आले, ते आल्यावर आठवड्याभरातच हात कापायला लागले. मिरजेला दवाखान्यात एकटेच जाऊन आले. म्हणाले, नसांचं दुखणं आहे, वाढायचं नाही आणि बरंही व्हायचं नाही. दुकानाचं शटर त्याच संध्याकाळी ओढलं.

तेव्हापासून यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते. चहा बशीत ओतून बशी तोंडाशी धरत होते. भाकरी कुस्करून द्यायची, दाढी करून द्यायची. खरं सांगते, त्याआधी आमचं काही फार गोडीगुलाबीचं नव्हतं. मी तोंडाची फटकळ, हे घुमे. मी बोलायचे आणि हे पक्कड उचलून बाहेर जायचे. पण गालाला साबण लावताना माणूस डोळे मिटून आपल्यापुढे बसतो ना, तेव्हा भांडता येत नाही. त्या दोन वर्षांत मी यांच्यावर जेवढी माया केली तेवढी सबंध संसारात केली नव्हती.

"पेटी फुगलीय," हे म्हणाले.

आता या पेटीचं थोडं सांगायला हवं. गच्चीवरची पॅनेलं दिवसभर वीज बनवतात, ती भिंतीतल्या बॅटरीत साठते आणि रात्री आपण ती वापरतो. आता घराघरांत हेच आहे. बॅटरी सोडियमची, म्हणजे मिठात असतं त्याची. मिठाची बॅटरी पेटत नाही असं सांगून त्या विकल्या, आणि सहसा त्या पेटत नाहीतही. पण बॅटरीच्या एखाद्या पेटीतला एक कप्पा बिघडला की तो फुगतो, तापतो, शेजारच्या कप्प्याला तापवतो, आणि ही साखळी एकदा सुरू झाली की बाहेरून थांबवता येत नाही. फुगलेली पेटी वेळेत ओढून काढली तर प्रश्न मिटला. काढताना चुकलं तर माणूस मिटला. कारण तारेतून येणारी जुनी वीज एका सेकंदात शंभरदा शून्यावर येते, तेवढ्यात ठिणगी विझायला आणि हात सुटायला वाव मिळतो. सोलरची वीज एकाच दिशेने वाहते. ती शून्यावर येतच नाही. तिने धरलं की धरलं. हे सगळं मला यांनीच शिकवलेलं.

मी बॅटरीच्या कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाजात एक यंत्र म्हणालं, आपली तक्रार महत्त्वाची आहे, तंत्रज्ञ पुढच्या आठवड्यात येईल, तोपर्यंत भिंतीपासून दूर राहा. दूर राहा म्हणे. त्याच भिंतीच्या पलीकडे मंगलवहिनींचं स्वयंपाकघर, आणि त्यांचा गॅसचा सिलिंडर अगदी भिंतीला लागून. बंब बोलवावा, तर वीज चालू असलेल्या पेटीवर पाणी मारता येत नाही. आणि वायरमन बोलवावा, तर वायरमन उरलाय कुठे?

वायरमन का उरले नाहीत, त्याचं कारण म्हणजे 'हात'.

कंपनीने त्याचं नाव काहीतरी भारदस्त ठेवलं होतं, लोक नुसतं 'हात' म्हणतात. खांद्यापासून बोटांच्या पेरांपर्यंत येणारी ती एक बाही असते. आपण काम करतो तेव्हा मेंदूकडून हाताच्या स्नायूंना विजेचे बारीक बारीक इशारे जातात. एखाद्या मुरलेल्या कारागिराच्या हातावर ही बाही चढवायची आणि त्याच्याकडून तेच काम शेकडो वेळा करून घ्यायचं. प्रत्येक इशारा, बोटाचा दाब, मनगटाचा पीळ, सगळं ती टिपून घेते. मग तीच बाही तुम्ही चढवा. मनगटावरचा इवलासा कॅमेरा समोरची वस्तू बघतो आणि बाही तुमच्या स्नायूंना तेच इशारे देते. बोटं तुमची, हालचाल त्या कारागिराची. नळाचा हात, गिझरचा हात, बॅटरीचा हात. हार्डवेअरच्या दुकानात भाड्याने मिळतो. तो आल्यावर एकेका वायरमनने दुकान बंद केलं. आमचं दुकान दुखण्याने बंद झालं, एवढाच फरक. निदान मी तसं समजत होते.

"मी हात घेऊन येते," मी म्हटलं.

"नको." हे एकदम म्हणाले. "म्हणजे आत्ता नको. दिवस मावळू दे, मग कर."

"का? भिंत आत्ता तापलीय, आणि मी दिवस मावळायची वाट बघत बसू?"

"ऊन उतरलं की थंडावेल."

"आणि नाही थंडावली तर? मंगलवहिनींना काय सांगू, तुमचा सिलिंडर उडेल पण जरा थांबा, यांना ऊन लागतं?"

त्यांनी वर छताकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं, मी आधी गच्चीवर जाऊन येतो."

"गच्चीवर काय काम?"

"पॅनेलं बघतो जरा."

गच्चीला आमच्याकडे जिना नाही, घराच्या मागे लोखंडी शिडी आहे, सरळ उभी. मी यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. "तुम्ही आणि शिडी? कप धरता येत नाही, शिडी धरणार? उद्या कंबर मोडून घ्याल, मग मी काय काय करू? काही नको. गप बसा खुर्चीत."

"राजश्री, ऐक माझं."

"नाही ऐकत."

यांच्या डोळ्यांत काहीतरी होतं. मला वाटलं, लाज असेल. आयुष्यभर लोकांच्या पेट्या उघडल्या आणि आज आपल्याच घरात बायको भाड्याचा हात आणायला निघाली, कुणाच्याही जिवाला लागेल. मला फार वाईट वाटलं. मी यांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि मंगलवहिनींना हाक मारली. त्या आल्या, त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा सिलिंडर आधी आम्ही दोघींनी ओढून अंगणात आणला.

"वहिनी, एवढं करा. मी दुकानात जाऊन येते, तोवर यांच्यापाशी बसा. शिडीकडे जातो म्हणतील, जाऊ देऊ नका."

"जा की निवांत. भावजींना जाग्यावरनं हलू द्यायची न्हाई मी," असं म्हणून वहिनी उंबऱ्यातच पाट टाकून बसल्या.

दुकानात गर्दी नव्हती. दुकानदाराने विचारलं, "साधा देऊ का मुरलेला?"

"मुरलेला दे बाबा. जिवाचा प्रश्न आहे."

"मग हा घ्या वहिनी. बॅटरीच्या कामाला ह्याच्यासारखा दुसरा नाही. आख्ख्या जिल्ह्यात हाच चालतो, परत तक्रार नाही." त्याने निळी बाही आणि नवी पेटी माझ्या हातात दिली.

परत आले तेव्हा हे खुर्चीतच होते आणि वहिनी उंबऱ्यात. "चारदा उठले बघा," वहिनी म्हणाल्या. "एकदा तर म्हणले, मुतायला जातो. म्हटलं, मोरी आत हाय, शिडीवर न्हाई." मी हसले. हे हसले नाहीत. वहिनींना मी म्हटलं, आता तुम्ही घरातली माणसं घेऊन जरा लांब उभ्या राहा. त्या गेल्या.

मग मी विचार केला. करावं की न करावं? मी दहावीपर्यंत शिकलेली, शेवयांचं यंत्र चालवणारी बाई. चुकलं तर उद्या माझा फोटो भिंतीवर, आणि यांची बटणं लावायला कोणी नाही. मला मरणाची भीती त्याच एका गोष्टीसाठी वाटली, हे आज सांगायलाही कसंसं होतं. पण कपाटाला कान लावला तर आतून चर्रचर्र असा आवाज येत होता. मी मेन स्विच पाडला, बाही चढवली आणि पट्टे आवळले.

आधी गार लागलं, मग मुंग्या आल्या, आणि मग माझा उजवा हात माझा राहिला नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला. वाटलं, आता सरळ स्क्रूला भिडेल. पण हात वर आला, स्क्रू ड्रायव्हरची मूठ माझ्या कपाळाला टेकवली, खाली गेला आणि बोटाच्या सांध्याने कपाटाच्या दारावर दोनदा वाजवलं. टक टक.

मी जागच्या जागी थिजले.

हत्याराला नमस्कार पुष्कळ कारागीर करतात. पण दारावर वाजवणारा मी एकच बघितलाय. नवीन लग्न झालेलं तेव्हा मी विचारलं होतं, हे काय हो, कपाटात कोण पाहुणा बसलाय का? तर हे म्हणाले होते, "आत वीज राहते. विचारून जावं."

हाताने पहिला स्क्रू काढला आणि तो स्क्रू घेऊन हात माझ्या छातीकडे आला, डाव्या बाजूला. तिथे चाचपडला. खिसा शोधत होता. माझ्या साडीला खिसा कुठला? स्क्रू खाली पडला. दुसरा स्क्रू निघाला, हात पुन्हा छातीकडे, पुन्हा खिसा शोधतोय. कंपनीवाल्यांना असल्या सवयी काढून टाकता येत नाहीत म्हणे. मधली एक हालचाल वगळली की पुढचा सगळा हात अडखळतो. म्हणून त्या राहू देतात. त्या डाव्या खिशाच्या शर्टाची बटणं मी सकाळीच लावली होती.

"अहो," मी न वळता म्हटलं, "हा तुमचा हात आहे."

हात तिसऱ्या स्क्रूकडे वळला.

"पुण्याला महिनाभर होतात, ते यासाठीच ना? हात विकलात ना तेव्हा? बोला हो, मी रागावणार नाही."

"हं," हे म्हणाले.

आणि मी रागावले नाही. उलट मला भरून आलं. वाटलं, बरं झालं, आजार यायच्या आधी हात कुठेतरी जपून राहिला. देवाने यांचा हात काढून घेतला, पण त्याच्या आधीच यांनी तो ठेवणीत ठेवला. आता बघा, तोच हात माझ्या हातात आलाय. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी तशीच हसत म्हटलं, "बरं केलंत. सांगायचं तरी मला. निदान हात तरी वाचला तुमचा. आता मला भीती नाही. तुमच्याच हाताने करतेय मी."

मागे खुर्ची करकरली. हे काहीतरी बोलणार आहेत असं वाटलं.

तिसरा स्क्रू. चौथा. झाकण निघालं. आत दोन तांब्याच्या पट्ट्या, एक वर, एक खाली, आणि दोन्ही जोडणारा फ्यूज. हाताने फ्यूज उपटला. मग टेस्टर घेऊन वरची पट्टी तपासली. टेस्टरचा दिवा लागला नाही. म्हणजे वीज नाही. खालची पट्टी कुणी तपासत नाही, कारण खालच्या पट्टीला वीज वरूनच मिळते. मेन स्विच पाडला की पेटीही आतून तुटते, आणि फ्यूज काढला की ती पट्टी मेलेलीच असते. तसं प्रत्येक घरात असतं. हात बिनधास्त होता, म्हणून मीही बिनधास्त होते. पेटीची खीळ खालच्या पट्टीच्या मागे होती. माझी उघडी बोटं त्या पट्टीकडे निघाली.

काहीतरी धाडकन पडलं, खुर्ची असावी, आणि मागून एक हात येऊन माझ्या मनगटावर बसला. बाहीत वीज वाहत होती, माझे स्नायू पुढे ढकलत होते, पण त्या हाताने माझा हात जागच्या जागी धरून ठेवला. बोटं पट्टीपासून एवढ्याशा अंतरावर थांबली. त्याच हाताने बाहीचा पट्टा ओढला. मुंग्या थांबल्या.

"खालच्या पट्टीत वीज आहे," हे म्हणाले.

"कशी असेल? मेन पाडलाय."

"गच्चीवरून वेगळी लाईन ओढलीय. मागच्या चार पॅनेलांची. मेन स्विचवरून नाही, सरळ खालच्या पट्टीला. ऊन असेतोवर ती चालूच असते."

"कोणी ओढली?"

मी खाली बघितलं. माझ्या मनगटावर यांचा हात होता. शांत. दगडासारखा शांत. बोटाचं नखदेखील हलत नव्हतं.

मी त्या हाताकडे बघत राहिले. यांनीही बघितलं. मग एकदम सोडला, जणू चटका बसला.

"कधी?" मी विचारलं.

"तू ईश्वरीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेलीस तेव्हा."

तेव्हा मंगलवहिनी यांना डबा द्यायच्या. मी तिकडे लेकीपाशी नातवाला न्हाऊ घालायचे आणि जीव इकडे लागलेला, की यांना घास कोण भरवत असेल. रोज फोन करून विचारायचे, जेवलात का, सांडलं नाही ना. आणि हे शिडी चढून चार पॅनेलं बसवत होते.

"ढगाळ दिवसात तुझं यंत्र बंद पडायचं," हे म्हणाले. "तू चिडचिड करायचीस. म्हटलं, जास्तीची लाईन देऊ. आणि हात शिवशिवत होते. किती दिवस नुसतं बसायचं?"

माझं यंत्र ढगाळ दिवसातही चालायला लागलं, तेव्हा मी म्हटलं होतं, बॅटरी सुधारली वाटतं. हे म्हणाले होते, असेल. माझ्याच शेवयांसाठी ओढलेल्या तारेवर आज माझा हात पडणार होता.

"मिरजेला गेला होतात?"

"नाही."

"मग ती थरथर?"

"करार आहे. हात एकदा विकला की त्या हाताने पुन्हा कुणाचं काम करायचं नाही. आणि विकलाय हे कुणाला सांगायचं नाही. लोक तर दारात येणार, निवासदादा, जरा बघता का. त्यांना काय सांगू? हात कापतात म्हटलं की कोणी विचारत नाही."

"लोकांना सांगा हो. मला कशाला? मी लोक आहे का?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "तुझ्या पोटात काही राहत नाही, राजश्री."

एवढंच कारण. माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून मी दोन वर्षं धडधाकट माणसाला भाकरी कुस्करून दिली. देवाला नवस बोलले, शुक्रवार धरले. रात्री झोपेत यांचा हात शांत पडलेला दिसायचा, तेव्हा वाटायचं, बिचाऱ्याला झोपेत तरी आराम मिळतो.

"सुरुवातीला सांगणार होतो," हे म्हणाले. "मग तू असं करायला लागलीस. दाढी वगैरे. इतकी मायेने कधी वागली नव्हतीस. मला सोडवेना."

चर्रचर्र वाढलं. भिंतीवरच्या रंगाला पोपडा आला. मी बाजूला झाले आणि म्हटलं, "करा आता. तुम्हाला येतंय ना, करा."

हे बाहेर गेले आणि शिडीवर चढले. मी खालून बघत होते. धापदेखील लागली नाही यांना. वर पॅनेलांवर ताडपत्री टाकली, तार तोडली, खाली आले. खालची पट्टी तपासली, पेटी ओढून काढली आणि अंगणात वाळूत नेऊन ठेवली. नवी पेटी बसवली, फ्यूज घातला. चहा व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. स्क्रू एकेक करून डाव्या खिशातून काढून लावले. असं सुंदर काम. माझ्या डोळ्यांदेखत ते झालं आणि मला त्याचा एवढा राग आला की हातातली निळी बाही मी पिळून काढली.

"मला एक सांगा," मी म्हटलं. "मी पहिला स्क्रू काढला तेव्हा तुम्हाला लाईन ठाऊक होती."

"होती."

"दुसरा काढला तेव्हाही होती. मी रडले, बरं केलंत म्हटलं, तेव्हाही होती. मग का नाही बोललात?"

"वाटलं, तू थांबशील."

"आणि नाही थांबले असते तर?"

"धरलंच ना मी तुला."

"शेवटी धरलंत," मी म्हटलं. "आधी बघितलंत, खोटं वाचतंय का."

हात विकला त्याचं मला फारसं काही नाही. त्याचे पैसे कुठे आहेत हेही मी आजवर विचारलेलं नाही. सोंग घेतलं, त्याचा संताप येतो, पण संताप ओसरतो. पण माझा हात त्या पट्टीकडे जात होता आणि माझ्या मागे बसलेला माणूस तेवढा वेळ हिशेब करत होता, हे ओसरत नाही.

फाटक वाजलं. मंगलवहिनी आत आल्या, भिंतीला हात लावला. "गार हाय की गं. झालं व्हय? कुणी केलं?"

आमच्या यांचा चेहरा पांढराफटक पडला. मंगलवहिनींना कळणं म्हणजे गावाला कळणं, आणि गावाला कळणं म्हणजे कंपनीला. यांना वाटलं, संपलं. मलाही वाटलं, सांगावं. जिभेच्या टोकावर होतं. दोन वर्षं मला वेड्यात काढलं, म्हणावं, बघा वहिनी, हे हात बघा.

"मी केलं," मी म्हटलं. "भाड्याच्या हाताने."

"बाई, तुझी कमालच," वहिनी म्हणाल्या.

मी का सांगितलं नाही? यांना वाचवायला नव्हे. माझ्या पोटात राहतं की नाही, ते यांना कळावं म्हणून. त्या रात्री मी स्वयंपाक केला, ताट वाढलं आणि भाकरी कुस्करली नाही. हे खाली मान घालून स्वतःच्या हाताने जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाही परत द्यायला निघाले होते. मंगलवहिनी त्यांच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. हे दारात आले. अंगात शर्ट, बटणं उघडी. वहिनींनी मान वर केली आणि आमच्याकडे बघून हसल्या, रोज हसतात तशा. रोज याच वेळी याच दारात मी बटणं लावते, ते त्यांना माहीत होतं.

हे माझ्याकडे बघत उभे राहिले. हळूच म्हणाले, "त्या बघतायत."

मी बाही पायरीवर ठेवली आणि बटणं लावायला घेतली. वरचं, मग त्याखालचं. डाव्या खिशाशी आले तेव्हा माझी बोटं जरा थांबली. मग मी वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हात खाली घ्या हो. किती थरथरतात आज."

आणि यांनी हात थरथरवले. काय सांगू, किती बेमालूम. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, मग मनगटापासून सगळा पंजा, आणि तो थांबवायला दुसऱ्या हाताने धरायची ती धडपड. दोन वर्षांत मला एकदाही संशय का आला नाही, ते तेव्हा समजलं. मी शेवटचं बटण लावत होते, सगळं ठाऊक होतं, समोरचा माणूस काय आहे हे कालच बघितलं होतं, तरी तो हात कापताना बघून क्षणभर मला यांची कीव आली.

ती कीव मला अजून पचलेली नाही.